दर महिन्याला दोनशे ग्रॅम

"बाकीच्या पोरांची वजनं खालीवर होतात, आणि ही कार्तिकी दर महिन्याला बरोब्बर दोनशे ग्रॅमनं वाढते?" पर्यवेक्षिकेनं अंगणवाडीच्या रजिस्टरवर पेन टेकवलं. "बोलवा तिला. माझ्यासमोर काट्यावर ठेवा."

सेविका जागची हलली नाही. "ती दिवाळीनंतर आईबापासंगं ऊसतोडीला गेली, मॅडम."

"मग हे आकडे?"

"मनानंच लिहिले. तिचा रकाना रिकामा ठेववेना. रोज माझ्या मांडीवर बसून खिचडी खायची."

पर्यवेक्षिकेनं दिवाळीनंतरचे चारही आकडे लाल शाईनं खोडले, पुढे 'स्थलांतरित' लिहिलं आणि साखर कारखान्याजवळच्या अंगणवाडीला फोन लावला. ऊसतोड्यांच्या तळावर जाऊन पोरीचं वजन करायला सांगितलं. तासाभरानं तिथल्या सेविकेचा फोन आला. नऊ किलो सहाशे. खोडलेल्या शेवटच्या आकड्यापेक्षा किलोभर कमी.

"आजपासून तिला तिथं आहार सुरू होईल," पर्यवेक्षिका म्हणाली. "तुम्हाला काही विचारायचंय त्यांना?"

सेविकेनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"ताई, मांडीवर घेतल्याबिगर ती घास खात नाही."