द्वारकाबाईंची आवड

केमो सुरू होण्याआधी पेशंटला आणि घरच्यांना सगळं नीट समजावून सांगणं, हे कल्याणी सिस्टरचं काम.

"पाणी उकळलेलंच प्यायचं. कच्चं, आंबट, तिखट पूर्ण बंद, नाहीतर तोंड सोलवटून निघेल. बाकी आवडीचं खा, म्हणजे दोन घास तरी पोटात जातील," तिने हडपसरहून आलेल्या द्वारकाबाईंना बजावलं. "बोला, काय आवडतं?"

"यांना पिठलं लागतं. योगेशला पुलाव."

"अहो, केमो तुम्हाला आहे. तुमची आवड सांगा."

द्वारकाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"तिला सगळं चालतं," रंगराव म्हणाले.

"काका, चालतं ते नाही, आवडतं ते विचारतेय."

रंगरावांनी मुलाकडे पाहिलं. योगेशने मोबाइलमध्ये डोकं घातलं. आता कल्याणीही हट्टाला पेटली. उत्तर मिळाल्याशिवाय कुणाला उठू द्यायची नाही म्हणाली.

शेवटी द्वारकाबाई हळूच हसल्या. "कैरी. तिखटमीठ लावून. माहेरी झाडावर चढून खायचे मी. लग्नानंतर राहूनच गेलं."

"एवढंच ना? मग इतकी वर्षं बोलायचं नाही होय!" रंगराव एकदम खुलले आणि मंडईत जायला तरातरा निघालेसुद्धा. द्वारकाबाईंच्या तोंडाला तर आत्ताच पाणी सुटलं होतं.



त्यांना थांबवणं, हेही कल्याणीचंच काम.