कुकीजचा शिरा

"शिरा छान झालाय हं," पाहुण्या म्हणाल्या.

"शिरा नाही, त्या माझ्या कुकीज आहेत!" माझी नात ओवी ओरडली.

ओट्स, कोको आणि लोणी कालवून, न भाजता तिनं त्या केल्या होत्या आणि दादासाठी फ्रीझरमध्ये ठेवल्या होत्या. तो संध्याकाळी हॉस्टेलवरून येणार होता.

"इतकं गार पाहुण्यांना कसं द्यायचं? कढईत गरम केल्या, तर विरघळल्याच," तिची आत्या हसली. "पुन्हा कर की!"

"पण मला न विचारता का घेतल्यास?"

"मोठ्यांशी असं बोलतात? आबा, समजवा हिला."

माझाही संताप झाला होता. "कुणाचीही वस्तू विचारून घ्यायची, हे मी तुलाही लहानपणी शिकवलं होतं, वृंदा. ऊठ, हात धू. नव्या कुकीज तू वळायच्या, ओवी शिकवेल."