त्याला सांग

"त्याला सांग, त्या गाडीला श्वास सोडता येत नाहीये."

शिवरामशास्त्री सायकलरिक्षातून न उतरता, रस्त्याकडे तोंड करून म्हणाले. ज्याला सांगायचं तो त्यांचा मुलगा विश्वेश चार पावलांवर होता. काशीत भेलूपूरच्या आपल्या गॅरेजच्या दारात, फडफडत येऊन थांबलेल्या एका लाल स्पोर्ट्स गाडीतून तो नुकताच उतरला होता. दोघांच्या मधे अन्नपूर्णाबाई उभ्या होत्या. एका हातात मुलाचा रात्रीचा डबा, दुसऱ्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी.

"बाबा म्हणतात, गाडीला श्वास सोडता येत नाहीये."

विश्वेशने वेदपाठशाळा सोडून हातात पाना धरला त्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं असंच चाले. शास्त्रीबुवा म्हणत, "विचार त्या लोहाराला, जिवंत आहे का." ते गॅरेजपर्यंत पोचे तेव्हा, "जेवलास का, विचारत होते," असं झालेलं असे. मुलगा म्हणे, "सांग त्यांना, मंत्रांनी पोट भरत असतं तर जेवलो असतो." ते घरी येईस्तोवर, "तुमचे गुडघे कसे आहेत, विचारलंय," एवढंच उरे. मधल्या वाटेवर बाकीचं कुठे जाई, ते अन्नपूर्णाबाईंनी कधी कुणाला सांगितलं नाही.

आज सकाळी डॉक्टरांनी रक्तदाबाचा आकडा लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. "माँजी, मन में कुछ दबाकर रखती हैं क्या?" त्यांनी विचारलं होतं. "नाही हो," बाई म्हणाल्या होत्या, "हमारे घर में तो कोई ज़ोर से बोलता ही नहीं."

गाडी एका जर्मन पाहुण्याची होती. संस्कृत शिकायला तो ती चालवत थेट काशीला आला होता आणि परवा नेपाळला निघायचा होता. टर्बोची गाडी, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारी. वेगात असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, की घशात कबूतर अडकल्यासारखी फडफडे. तीन दिवस विश्वेशने सगळं खोलून पाहिलं, पण दुखणं सापडलं नव्हतं.

"त्यांना सांग, हे इंजिन आहे, प्राणायाम नाही."

"तो म्हणतोय, जरा समजावून सांगा."

रिक्षावाला हसला. "गुरुजी, बेटवा से बात करत हउवा कि सड़क से?"

शास्त्रीबुवांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "त्याला सांग, पूरक झाला, कुंभक झाला. आता रेचक नको? कोंडलेल्या हवेनं जायचं कुठे? उलटी फिरून घसाच फाडेल ती."

यातलं काही बदलायची गरज नव्हती. तरी अन्नपूर्णाबाई ते पुढे सांगायचं विसरल्या. त्यांना राजा घाटाची पायरी आठवली. आठ वर्षांचा विश्वेश आणि त्याच्या तळहातावर चिमूटभर सातूचं पीठ. श्वास असा सोडायचा, की नाकासमोरच्या सातूचा कण हलू नये. पोराला हसू फुटलं होतं आणि सगळा सातू बापाच्या मिशीवर उडाला होता. त्या दिवशी शास्त्रीबुवा इतके हसले होते, की त्यांची संध्या राहिली.

विश्वेशलाही तेच आठवलं असावं. तो वळला. त्याने बॉनेट उघडलं, हवेच्या नळीवरची एक वाटीएवढी झडप सोडवली, तिच्या तोटीला ओठ लावून हवा ओढली. मग झडप उजेडात धरली.

"फाटलंय," तो म्हणाला. "हिच्या आतलं रबर. पाय उचलला की हिनं उघडायचं आणि साठलेल्या हवेला वाट द्यायची. ही उघडतच नव्हती."

शास्त्रीबुवा रिक्षातून उतरले. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते गॅरेजच्या दारात आले.

पाहुण्याच्या सामानाच्या पेटीत दोन नव्या झडपा निघाल्या. विश्वेशने दोन्ही तळहातांवर एकेक घेतली. "आई, बाबांना सांग, दोन तऱ्हा आहेत. ही धातूची, हवा बाहेर सोडते. मोठ्यानं, फुस्स करून. सगळ्या रस्त्याला ऐकू जातं. आणि ही गाडीत होती तसली, रबराची. साठलेली हवा आतल्या आत वळवून परत नळीत सोडते. कुणाला कळतसुद्धा नाही."

बाईंना उत्तर ठाऊक होतं. ज्या माणसाला सातूचा कण हललेला चालत नाही, तो कुठली निवडणार?

"पण हिचं रबर लवकर फाटतं," विश्वेश म्हणाला.

"का?"

तो 'का' सरळ मुलाला विचारलेला होता. तिघांनाही ते कळलं. कुणी तसं दाखवलं नाही.

"दाब सगळा हिच्यावर येतो ना, बाबा. दोन्हीकडून."

शास्त्रीबुवांनी त्या झडपेकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग त्यांनी बायकोच्या हातातली चिठ्ठी घेतली, दोन रेघांवरचा आकडा पुन्हा वाचला आणि घडी करून आपल्या सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"ती आवाजाची लाव," ते म्हणाले.

"सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल, बाबा."

"जाऊ दे. आणि संध्याकाळी घरी जेवायला ये. तुला मला जे काय म्हणायचं असतं, ते माझ्या तोंडावर म्हण. मीही म्हणेन."

सवयीने विश्वेशने आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या आणि डबा त्याला न देता रिक्षात जाऊन बसल्या. "ते बोलले तेवढंच आहे."