काचेआडची वाफ

"काच आतून वाफ धरतेय," असं म्हणत गाडीवाल्याने वेगाचं मीटर टेबलावर ठेवलं आणि घुम्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"बाहेरून धरत असेल. पुसा."

"पुसून पुसून बोटं दुखली. थंडी पडली की सकाळी निम्मे आकडे गायब. किती वेगात चाललोय ते माझं मलाच कळत नाही."

"तुमची गाडी चालते कुठे? रांगते," घुम्या पुटपुटला. पण मीटर त्याने हातात घेतलं.

जुन्या गाड्यांच्या मीटरांना काचा बसवण्यात त्याची हयात गेली होती. दुकानात नियम एकच. उघड्या मीटरवर तोंड उघडायचं नाही, श्वाससुद्धा मान वळवून बाजूला सोडायचा. कारण आत ओल कोंडली गेली की गार हवेत ती काचेवर उमटणारच. गिऱ्हाईक गप्पा मारायला लागलं तर त्यालाही तो बोटाने गप्प करी. घुम्या हे नाव त्याला त्यावरूनच पडलं होतं आणि त्याला ते मनातून आवडायचंही.

त्याने मीटर उलटं केलं. काचेला धरून ठेवणारं चकचकीत कडं मागच्या बाजूला दुमडलेलं होतं आणि दुमडीचे वण उलट्या दिशेने गेले होते. डावखुऱ्या हाताचं काम. त्याचा राग तिथेच विरला.

"वहिनींनी बसवली होती ही काच," गाडीवाला म्हणाला. "मी इथेच बसलो होतो. मी काहीतरी वेडंवाकडं बोललो आणि त्यांना हसू आवरेना. तुम्ही केवढे डोळे वटारलेत! पण त्या आपल्या हसत हसतच कडं दुमडत राहिल्या. आहेत कुठे आज?"

"गेली ती," घुम्या म्हणाला. "फुप्फुसं निकामी झाली होती."

 

शेवटी शेवटी तिला एकेक श्वास जड जायचा. घुम्या उशाशी बसून तिची पाठ चोळत राहायचा. आपल्यातला काढून देता आला असता तर त्याने मागेपुढे पाहिलं नसतं. आणि इथे तिचा एक अख्खा श्वास, धडधाकट दिवसांतला, हसता हसता सुटलेला, त्याच्या तळहातावर बंद होता. त्याने मीटर खिडकीच्या गार गजाला टेकवून धरलं. काचेवर हळूहळू पांढरा पापुद्रा चढला.

"राहू द्या," गाडीवाला हलकेच म्हणाला. "उघडू नका. तुमच्याकडेच ठेवा हे. मला दुसरं कुठलंही बसवून द्या."

घुम्याने मान डोलावली. मीटर ठेवायला त्याने खणही उघडला. मग सवयीने भिंग डोळ्याला लावून एकदा आत पाहिलं. तबकडीवरचे आकडे तिनेच रंगवलेले होते. आठाचं पोट ती नेहमी जरा मोठं काढायची. आठ कसा जेवलेला दिसला पाहिजे, म्हणायची. त्या पोटाचा रंग फुगून कडेने सुटायला लागला होता.

त्याने खण लावून टाकला.

"आत ठेवली तर ही ओल आकडे खाऊन टाकेल," तो म्हणाला. "आणि आकडेही तिचेच आहेत."

त्याने पातळ पट्टी घेतली आणि तिने घातलेली एकेक दुमड मोकळी करत गेला. पट्टी कुठे घसरली नाही. कडं सुटलं. काच आता नुसती रबरावर टेकलेली उरली. गाडीवाल्याने इतक्या वर्षांच्या सवयीने मान वळवली आणि श्वास रोखून धरला.

घुम्याने मान वळवली नाही. तो मीटरवर पार वाकला, काच उचलली आणि उरात मावेल तेवढा श्वास आत ओढून घेतला. तो आता सोडायचा कसा, हे त्याला कळेना.