उपरण्याखाली

उपरण्याखाली दोन हात गेले आणि सोपानच्या पगाराची बोलणी सुरू झाली.

एक हात त्याच्या वडिलांचा, बिरदेवचा. दुसरा फारुकशेठचा. शेठचं आता बारामतीत पेंडीचं आणि पशुखाद्याचं दुकान होतं, पण निम्मं आयुष्य त्यानं शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात काढलेलं. तिथं भाव तोंडानं सांगायची रीत नाही. कापडाखाली समोरच्याची बोटं धरायची आणि दाबायची. बघणाऱ्याला दोन चेहरे तेवढे दिसतात, आणि बाजारात चेहऱ्यावर कोण विश्वास ठेवतं?

"मी काय बोकड हाय का?" सोपान पुटपुटला.

तो बी.कॉम. होता. पगाराचा पहिला आकडा आपण सांगायचा नाही, हे पुण्यातल्या मित्रानं त्याला शिकवलं होतं. इथं तर आकडा कुणीच सांगत नव्हतं.

"आबा, शिकलेल्या माणसाचा पगार असा ठरत न्हाय. समोरासमोर बोलायचं असतं."

"दोन वर्सं समोरासमोर बोलून काय पिकलं?" फारुकशेठ हसला.

"शेठ." बिरदेव एवढंच म्हणाला. शेठ हसायचा थांबला.

नोकरी शोधण्यात गेलेल्या त्या दोन वर्षांत सोपाननं गावातलं बोलणं सोडलं होतं, मग घरातलं. दिवस कलला की मोरगावजवळच्या त्यांच्या रानातल्या विहिरीच्या काठावर जाऊन बसायचा. साखरबाई, त्याची आई, भरलेली कळशी रिकामी करून त्याच्या मागोमाग पाण्याला जायची. का जातेस, असं बिरदेवनं तिला कधी विचारलं नाही. एकदा ती आजारी पडली, तर कळशी घेऊन तो स्वतः गेला.

आज पोरगं कंगवा फिरवून आलं होतं. घरून निघताना बापाला बजावलंही होतं, "हजाराच्या खाली व्हय म्हणू नका."

उपरणं हललं. शेठनं काहीतरी धरलं. बिरदेवनं मान हलवली.

"आबा, मला परवडाय पायजे," शेठ म्हणाला.

"मलाबी परवडाय पायजे की."

सोपानला हे आवडलं. बाप त्याच्या डिग्रीसाठी इतका ताठ उभा राहील, असं त्याला वाटलं नव्हतं.

"पोराकडं बघा, शेठ."

"पोराकडं बघूनच बोलतोय. दुसऱ्या कुणाला बसवून घितलं नसतं."

गल्ल्याजवळ शेठची मुलगी नौशीन कीर्द लिहीत होती. तिनं एकदा मान वर केली, आणि बाप बघतोय म्हटल्यावर पुन्हा खाली घातली. सोपाननं लांबूनच वही न्याहाळली. कालपर्यंतचं सगळं लिहून झालेलं, अक्षर मोत्यासारखं. हिला आता घरी बसवणार आणि आपल्याला घेणार, असा त्यानं हिशोब केला. हिशोबाची त्याला आवडच होती.

पुन्हा बोटं, पुन्हा नकार. बिरदेवच्या कानशिलावरून घामाचा ओघळ आला. शेवटी त्यानं डोळे मिटले आणि हात बाहेर काढला.

"पंधराशे," तो सोपानला म्हणाला. "उद्यापासनं ये म्हणत्यात."

परतीच्या एसटीत सोपान खिडकीतून डोकं बाहेर काढून बसला होता. "मला वाटलं, तुमी भिऊन कायतरी कमीच कबूल करताय," तो म्हणाला. "शेवटपर्यंत न्हाय म्हणत हुता."

"बाजारात असंच करायचं असतं," बिरदेव म्हणाला.

नौशीन घरी बसली नाही. ती गल्ल्याजवळच राहिली आणि सोपानला जिन्याखाली नवं टेबल मिळालं. धंदा वाढतोय, असं त्यानं गावात सांगितलं. आता तो गावात बोलायचा. पारावर दुधाच्या दरावर मत द्यायचा, ताटात दुसरी भाकरी मागायचा. पगारातून त्यानं हप्त्यावर लुना घेतली आणि उरलेले आईच्या नावानं पोस्टात टाकायला लागला. साखरबाईची कळशी आता दिवसातून एकदाच भरायची.

वाडग्यातल्या शेळ्या मात्र कमी होत गेल्या. महिना भरत आला की बिरदेव एक शेळी बाजारात न्यायचा आणि येताना शेठच्या दुकानात डोकावायचा. पोराचं कसं चाललंय ते बघायला, असं तो घरी सांगायचा.

"विका सगळ्या," सोपान म्हणायचा. "माझा पगार येतोय की. आता कशाला त्या घाणीत हात घालता?"

पोरगं कमवायला लागल्यावर शेळ्यांमागं कोण हिंडतं? गावालाही ते पटलं.

सहा महिने झाले तसा सोपान शेठपुढं जाऊन उभा राहिला. ह्या वेळी समोरासमोर. पुण्यातला मित्र दोन हजार घेतो, आपल्याला निदान दोनशेची वाढ पाहिजे, नाहीतर दुसरीकडं बघतो, असं सगळं त्यानं न अडखळता सांगितलं.

शेठ दाढी खाजवत राहिला. "आबाशी बोलतो."

"पगार माझा हाय, शेठ. आबाशी काय बोलायचं?"

"बोलणी त्याच्याशी झाली हुती."

"मग उपरणं घिऊन या म्हणून सांगतो त्यास्नी," सोपान हसून म्हणाला आणि शीळ घालत जिन्याखाली गेला.

पुढच्या बाजाराला बिरदेवनं शेवटच्या दोन शेळ्यांतली एक आणली. गिऱ्हाईक बघत उभा होता, तेवढ्यात फारुकशेठ स्वतःच आला. त्यानं उपरणं ओढून घेतलं, खाली हात घातला आणि बिरदेवची दोन बोटं दाबली.

बिरदेवला हसू आलं. "दोनशे? शेठ, गाभण हाय ती. जरा बघून तरी बोला."

शेठनं शेळीकडं बघितलंच नाही. बोटंही सोडली नाहीत.

"शेळीचं न्हाय, आबा. पोरगं पगारवाढ मागतंय. पुढल्या महिन्यापासनं हजाराचे बाराशे आणा."