चिमणीचा झरा

"लिहा, चिमणीचा झरा," वरच्या शेतातला म्हातारा म्हणाला. नकाशेवाल्याने खुशीत पेन्सिल चालवली.

शेतांची आणि झऱ्यांची नावं गोळा करत त्याने अख्खा डोंगर पालथा घातला होता. कुठे वाकडी पट्टी, कुठे आळशाचं रान. असल्या नावांवर त्याचा भारी जीव. आता एवढा एकच झरा राहिला होता.

"चिमणीचा का?"

"तिनंच दाखवला. सदा इथं माती उकरत बसायची. एक दिवस उकरता उकरता ओल लागली."

"वा!"

"अजून येते. रोज सकाळी ओट्यावर चिवचिव करते, की भुर्रकन गेली."

"तीच चिमणी?"

"मग? मला ओळखू येणार नाही होय?"

नकाशेवाला गालातल्या गालात हसला. घरात म्हातारा एकटाच. जीव लावायला पाखरू तर पाखरू.

"खाली विचारलंत तर ते सांगतील..." म्हाताऱ्याने तोंड उघडलं.

"नको, नको." एका घरात दुसऱ्या घराचा शब्द काढायचा नाही, हा नकाशेवाल्याचा नेम होता. पाण्यावरून पेटलेली भांडणं त्याने पाहिली होती.

खालच्या शेतातल्या म्हाताऱ्याने मात्र त्याच्या तोंडचं पाणीच पळवलं.

"सूनबाईचा झरा. आमच्या सूनबाईनं शोधलाय तो."

"नक्की?"

"ती खोटं कशाला बोलेल?"

झाली पंचाईत. एका पाण्याला दोन नावं म्हणजे नकाशावर लाल खूण, आणि निकाल लागेपर्यंत तिथे घागर बुडवायला बंदी. दोन्ही घरं तर तेच पाणी पीत होती. शिवाय आजवर त्याच्या नकाशाला लाल ठिपका लागला नव्हता. त्याला मनातून वाईट वाटलं. नेम मोडून त्याने दोघांनाही झऱ्यावर बोलावलं.

झऱ्याकाठी गार सावली होती. दोघे म्हातारे ऐसपैस टेकले.

"चिमणी," वरचा म्हणाला.

"सूनबाई," खालचा म्हणाला.

"अहो, पाणी बंद होईल! कुणीतरी एक पाऊल मागे घ्या."

"मागे कशाला? दोघांचंही खरं आहे," खालचा शांतपणे म्हणाला.

"असं कसं? शोधला तो एकतर पाखरानं, नाहीतर माणसानं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वरच्याला एकदम ठसका लागला. खालचा उगाच मिशी कुरवाळू लागला. यांना थट्टा सुचतेय, असं पुटपुटत नकाशेवाल्याने जड हाताने लाल पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात खालच्या घराकडून चहाची किटली सांभाळत एक बाई चढण चढून आली.

"ही आमची सूनबाई," खालचा म्हणाला. "आता हिलाच विचारा."

वरच्या म्हाताऱ्याने दगडावर सरकून आपल्या शेजारी जागा केली.

"बस गं चिमणे," तो म्हणाला, "दमली असशील."