अर्जातला नंबर

श्रीपादरावांनी सहाव्यांदा लॅपटॉपच्या कडेच्या भोकात टाचणी खुपसून सिमकार्ड बाहेर काढलं. सिम लॅपटॉपमध्येच बसतं म्हणून हौसेने घेतलेलं हे यंत्र आज त्यांचा अंत पाहत होतं.

साठीतल्या बायकोच्या, कुंदाताईंच्या, एम.ए.च्या प्रवेशअर्जाचा आज शेवटचा दिवस, मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. अर्जात नंबर श्रीपादरावांचा, घरातल्या प्रत्येक कागदावर असायचा तसाच. पण तेच सिम लॅपटॉपमध्ये असल्याने ओटीपी मोबाइलवर येईना. सिम मोबाइलमध्ये घातलं, की लॅपटॉपचं इंटरनेट जाई आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून!

“अहो, मी काय म्हणते...” कुंदाताईंनी पुन्हा तोंड उघडलं.

“मध्येमध्ये बोलू नकोस! आधीच डोकं फिरलंय.”

पाच वाजता टाचणी वाकली. त्यांनी ती भिरकावून दिली. “गेलं तुझं वर्ष! आता बस हात चोळत.”

कुंदाताईंनी आपला मोबाइल त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर अर्ज स्वीकारल्याची पावती होती, सकाळी अकराची.

“अगं, मग सांगायचं नाही?” ते ओरडले.

“चार वेळा ‘अहो’ म्हटलं,” चष्मा पुसत त्या म्हणाल्या. “अर्ज माझा होता, म्हणून नंबरही माझाच टाकला.”